डॉ. आनंदीबाई जोशी : एक अपुरा श्वास

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

कल्याण म्हटले की कुणाला दुर्गाडी किल्ला आठवतो, कुणाला सुभेदाराच्या सुनेची आख्यायिका आठवते, तर रोज सकाळी गर्दीत घुसून गाडी पकडणाऱ्या आम्हा मंडळींना फक्त जंक्शन आठवते. याच कल्याणात दीडशे वर्षांपूर्वी जोश्यांच्या घरात यमुना नावाची एक मुलगी वाढत होती. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत तिचे नाव आज घेतले जाते. डॉ. आनंदीबाई जोशी यांची कथा आपल्याला शाळेपासून पाठ आहे. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या कादंबरीने ती घराघरांत नेली आणि २०१९ सालच्या चित्रपटाने आमच्या पिढीलाही ती पुन्हा सांगितली. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मातृत्व आणि पुत्रशोक, अठराव्या वर्षी सातासमुद्रापार प्रयाण, एकविसाव्या वर्षी पदवी आणि बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच मृत्यू. शेवटच्या वाक्यापाशी आपला आवाज हळवा होतो. मग आपण दैव किंवा बलिदान यांपैकी एखादा शब्द वापरतो आणि पुढच्या कार्यक्रमाकडे वळतो.

मला या लेखात त्या शेवटच्या वाक्यापाशीच थोडे रेंगाळायचे आहे. आनंदीबाई कशाने गेल्या? क्षयाने, हे उत्तर बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. क्षयाचे जंतू त्या काळी लाखो माणसांच्या छातीत शिरत होते, आजही शिरतात, आणि त्यांतली बहुतेक माणसे क्षयाने मरत नाहीत. मग या एका मुलीच्या शरीराने हार का खाल्ली? कला शाखेच्या विद्यार्थिनीने वैद्यकात नाक खुपसावे हे आमच्या काही सरांना धाडसाचे वाटेल. पण चरित्र वाचायचे तर ज्या शरीरात ते आयुष्य जगले गेले ते शरीरही वाचायला हवे, असे मला वाटते.

यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. वडील गणपतराव जोशी हे जुन्या जमीनदार घराण्यातले, पण घराला उतरती कळा लागलेली. कल्याणला आगगाडी येऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. म्हणजे जग दाराशी आले होते, घरातले रीतिरिवाज मात्र जुनेच होते. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी, टपाल खात्यातला कारकून, बिजवर आणि वयाने वीसएक वर्षांनी मोठा. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. गोपाळरावांना बायकोने शिकावे याचा ध्यास होता, आणि तो ध्यास तऱ्हेवाईक होता. त्या काळी बायको अभ्यासाला बसली म्हणून नवरे चिडत; गोपाळराव बायको अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून चिडत. त्या रागाची मजल कधी कधी मारापर्यंत जाई, हे आनंदीबाईंनी पुढे पत्रांतून नवऱ्याला स्वतःच लिहिले आहे. शिक्षणाचा उपकार आणि मारामुळे झालेली जखम ही दोन्ही त्यांनी एकाच हातून स्वीकारली. या संसाराकडे आज पाहताना आपल्याला टाळ्या वाजवाव्यात की मान खाली घालावी, ते कळत नाही.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, ही टोचणी त्यांच्या मनातून गेली नाही. पुरुष डॉक्टरपुढे जायची लाज आणि स्त्री डॉक्टर तर कुठेच नाही, या कोंडीत किती बायका आणि किती बाळे मरत असतील, हा विचार त्या दुःखातून निघाला. डॉक्टर होण्याचा निश्चय आनंदीबाईंच्या मनात रुजला तो असा.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर हे जोडपे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असे फिरत राहिले. मधल्या काळात गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहून बायकोच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी साहाय्य मागितले. उत्तर आले ते धर्मांतराची अट घेऊन. ती अट दोघांनीही मानली नाही. पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो वाचला. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना त्यांनी ते मासिक सहज उचलले होते म्हणतात. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले, आणि एकमेकींना कधीही न पाहिलेल्या त्या दोन बायकांत मावशी-भाचीचे नाते जडले.

येथून पुढे चरित्रकार आपल्याला बोटीच्या धक्क्याकडे घेऊन जातात. जाण्याआधी मात्र एक नोंद नीट पाहिली पाहिजे. कलकत्त्याच्या मुक्कामातच आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली होती. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप आणि कधी कधी धाप, अशी ती दुखणी होती. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. म्हणजे बोटीवर चढली ती मुलगी धडधाकट नव्हती. आधीच थकलेले शरीर घेऊन ती निघाली होती.

त्याच सुमारास जगात दुसरीकडे काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख या डॉक्टराने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. जगातल्या दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू या रोगाचा आहे, असा त्या काळचा हिशेब त्याने तेव्हा मांडला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस सिसिलीतील मेसिना येथे मेचनिकोव्ह नावाचा रशियन शास्त्रज्ञ तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसला होता. सकाळी त्याला दिसले, की काट्याभोवती अळीच्या शरीरातल्या भटक्या पेशींनी गराडा घातला आहे. परका शत्रू आत शिरला की शरीराचे स्वतःचे शिपाई धावून येतात आणि त्याला गिळू पाहतात, हा विचार त्याने १८८३ मध्ये मांडला. कॉखने बीज दाखवले. मेचनिकोव्हने क्षेत्राचे, म्हणजे ज्या जमिनीत ते बीज पडते तिचे, महत्त्व दाखवले. आनंदीबाई वैद्यक शिकायला निघाल्या तेव्हा ही दोन्ही सत्ये नुकती जन्मली होती.

आपल्याकडे या रोगाला राजयक्ष्मा म्हणत. सत्तावीस बायकांपैकी एकट्या रोहिणीवर प्रेम केले म्हणून सासऱ्याने, म्हणजे दक्षाने, चंद्राला शाप दिला आणि तो कलेकलेने झिजू लागला, ही त्यामागची पुराणकथा. गोष्टीत रोगाचे रूप मोठे नेमके टिपले आहे, कारण क्षयाचा माणूस खरोखरच चंद्रासारखा झिजतो. चरकसंहितेने या रोगाची चार कारणे सांगितली आहेत : शक्तीपलीकडचे श्रम, नैसर्गिक वेग अडवून धरणे, शरीरातील धातू झिजणे आणि विषम आहार. चारांत जंतूचा उल्लेख नाही. तो दिसण्याचे साधनच तेव्हा नव्हते. पण क्षेत्राविषयी आपले पूर्वज जे बोलले ते अगदीच फोल नव्हते, हे पुढे दिसेल.

आता या बीजाचे आणि क्षेत्राचे युद्ध कसे होते ते मला समजले तसे सांगते. आजारी माणसाच्या खोकल्यातून उडालेल्या बारीक तुषारांबरोबर क्षयाचा जंतू फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतो. तेथे पहाऱ्यावर असलेल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. एरवी गिळले की जंतू संपायचा. पण हा बिलंदर. तो गिळला गेल्यावरही पेशीच्या पोटात जिवंत राहतो, इतकेच काय, तेथेच वाढतो. मग शरीर दुसरा डाव टाकते. पांढऱ्या पेशींतील सरदार, ज्यांना वैद्यकात टी पेशी म्हणतात, ते फौज घेऊन येतात, भक्षक पेशींना अधिक आक्रमक करतात आणि सर्वांनी मिळून त्या जागेला वेढा घालतात. पेशींच्या या तटबंदीची एक बारीक गाठ तयार होते. आपल्या दुर्गाडीला कुणी वेढा घालून बसावे तसे हे आहे. आत शत्रू, बाहेर आपली फौज. आतला शत्रू मरत नाही, पण त्याला बाहेरही पडता येत नाही. हा वेढा वर्षानुवर्षे, कधी जन्मभर चालतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. क्षयाचा जंतू शरीरात शिरलेल्या शंभर माणसांपैकी पाच ते दहाच जण आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. बाकीच्यांचा वेढा टिकतो.

पण कुठलाही वेढा रसदीवर चालतो. फौजेला दाणागोटा मिळेनासा झाला की शिपाई गळतात आणि तट ढिला पडतो. उपासमार, अतिश्रम, मधुमेह, दुसरा एखादा आजार, यांपैकी काहीही फौजेची रसद तोडू शकते. मग गाठीचा मधला भाग मऊ होऊन फुटतो, फुफ्फुसात पोकळी पडते आणि जंतू श्वासनलिकेत मोकळा होतो.

यातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट अशी, की ही पोकळी पाडण्याचे बरेचसे काम जंतू करतच नाही. बिथरलेल्या फौजेने सोडलेली पाचक द्रव्येच फुफ्फुसाचा लगदा करतात. रोज संध्याकाळी चढणारा ताप, गेलेली भूक, गळालेले मांस हेही पुष्कळसे शरीराच्या स्वतःच्याच लढाईचे परिणाम. टी.एन.एफ. नावाचे एक निरोप्या द्रव्य आहे. तेच गाठीची तटबंदी टिकवते, आणि तेच अति झाले की शरीर खंगवते. संधिवातासाठी हे द्रव्य रोखणारे औषध निघाले, तेव्हा २००१ साली असे लक्षात आले, की ते घेणाऱ्या काही रुग्णांत दबलेला क्षय पुन्हा डोके वर काढतो. संरक्षण कमी पडले तरी घात आणि बेभान झाले तरी घात, अशी ही तारेवरची कसरत आहे. ती साधायला शरीर सुस्थितीत असावे लागते.

हे सगळे मी केवळ ग्रंथालयात बसून जमवलेले नाही. दोन वर्षांपूर्वी मला स्वतःला फुफ्फुसाचा क्षय झाला होता. तीन आठवडे खोकला थांबेना म्हणून डोंबिवलीत थुंकी तपासली, आणि मग सहा महिने गोळ्या घेतल्या. त्यांतल्या एका गोळीने लघवी केशरी होते. पहिल्या दिवशी मी घाबरून गेले होते. माझ्या मामीने घरात सर्वांना बजावले होते, की बाहेर कुणाला कळता कामा नये, उद्या मुलीला स्थळे यायची आहेत. आई रोज आपल्या वाटचे दूध माझ्या पेल्यात ओतायची. एकदा तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी माझ्याऐवजी आईलाच विचारले, की तुम्ही स्वतः काय खाता. आईला उत्तर देता येईना. जी बाई घरात शेवटी जेवते तिला आपण काय जेवलो हे आठवतच नाही. त्या दिवसापासून आनंदीबाईंचे चरित्र मी निराळ्या नजरेने वाचू लागले.

तर पुन्हा त्यांच्याकडे वळू. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या सेरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत व्याख्यान देऊन आपण अमेरिकेला का जात आहोत हे लोकांना समजावून सांगितले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्याचा आशय होता. अठरा वर्षे पुरी व्हायला त्या दिवशी महिन्याहून अधिक अवकाश होता. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या. नवरा बरोबर नव्हता. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई त्यांना घ्यायला आल्या होत्या.

त्या वर्षीच्या शरदात त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानिया या संस्थेत प्रवेश घेतला. स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी १८५० साली निघालेली ही संस्था. रेचल बॉडली या तिच्या अधिष्ठाता. तेथे तीन वर्षे आनंदीबाईंनी कसे दिवस काढले असतील? कल्याणच्या दमट उन्हात वाढलेली मुलगी बर्फात राहत होती. मांसाहार वर्ज्य, आणि शाकाहारी माणसाला पुरेसे पडेल असे त्या देशाच्या जेवणात फारसे काही नाही. नऊवारीत पाय उघडे राहत म्हणून त्यांनी नेसण्याची गुजराती पद्धत स्वीकारली, पण साडी सोडली नाही. नवऱ्याला आणि समाजाला दिलेला शब्द त्यांनी पाळला. त्या शब्दाची किंमत त्यांचे शरीर रोज थोडी थोडी मोजत होते.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत : जपानच्या केइ ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई. आनंदीबाईंच्या अंगावर साडी आणि दागिने आहेत. चेहरा गंभीर आहे. त्या चेहऱ्याला अवघे दीड वर्ष उरले होते.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या आईने दुसरा कोणता विषय घेतला असता? पदवीदान समारंभाला गोपाळराव हजर होते, पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या, आणि राणी व्हिक्टोरियाकडूनही अभिनंदन आले. कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून नेमले. आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय ते हेच.

१८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी आल्या त्या अंथरुणाला खिळण्यासाठीच. जेथे त्यांना रुजू व्हायचे होते त्या कोल्हापूरला त्या पोचल्याच नाहीत. पुण्यात देशी वैद्यांचे उपचार झाले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. बाविसावा वाढदिवस तेहतीस दिवसांवर आला होता. त्यांची रक्षा अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली आहे.

त्या वेळी क्षयावर औषध नव्हते. जिवंत माणसाचे फुफ्फुस पाहण्याची क्ष-किरणांची युक्ती १८९५ साली सापडली. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले खरे औषध १९४३ साली हाती लागले, आयसोनियाझिड १९५२ मध्ये आले. आनंदीबाईंच्या हयातीत बीज मारणे कुणालाच शक्य नव्हते. जे करता येण्यासारखे होते ते क्षेत्रासाठीच.

आणि नेमके हेच त्याच वर्षी एका डॉक्टराने दाखवून दिले. जेथे आनंदीबाईंची रक्षा आहे त्याच न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील डोंगरात सॅरनॅक लेक नावाचे गाव आहे. स्वतः क्षयाने आजारी असलेले डॉ. एडवर्ड ट्रूडो तेथे राहत. त्यांनी सशांचे तीन गट केले. पहिल्या पाच सशांना क्षयाचे जंतू टोचून दमट, अंधाऱ्या जागी अपुऱ्या अन्नावर ठेवले. त्यांतले चार मेले. दुसऱ्या पाचांना जंतू न टोचता तशाच हालात ठेवले. ते वाळले, पण क्षयाने मेले नाहीत. तिसऱ्या पाचांना जंतू टोचले आणि एका बेटावर भरपूर अन्नासह मोकळे सोडले. त्यांतला एकच मेला, चार तगले. हा प्रयोग १८८७ साली प्रसिद्ध झाला. जंतू दोन गटांत सारखाच होता. एका गटाच्या वाट्याला अंधार आणि अर्धे पोट आले, दुसऱ्याच्या वाट्याला उजेड आणि पोटभर अन्न, फरक एवढाच.

ही गोष्ट जुनी झाली असे कुणी म्हणू नये. २०२३ साली झारखंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांचा मागोवा घेतला. काही कुटुंबांतील सर्वांना दरमहा जादा शिधा आणि जीवनसत्त्वे दिली, तर इतर कुटुंबांत फक्त रुग्णालाच. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. गोळी नाही, लस नाही. डाळ-तांदळाने हे काम केले. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा ज्या देशात आहे, त्या आपल्या देशाला चरकाचा विषम आहार हा शब्द असा आकड्यांत पुन्हा भेटला.

आता आनंदीबाईंच्या आयुष्याकडे पाहा. बालविवाह. शरीराची वाढ पुरी होण्याआधीचे बाळंतपण. गावोगावच्या बदल्या, शेजाऱ्यांचे टोमणे, नवऱ्याचा धाक. रात्रंदिवस अभ्यास. परदेशात शब्दासाठी पाळलेले पथ्य. यांतली प्रत्येक गोष्ट वेढ्याला बसलेल्या फौजेची रसद थोडी थोडी तोडत होती. यात एकट्या गोपाळरावांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. अमेरिकेच्या थंडीवर सारे ढकलणेही तितकेच सोपे आहे. पण थंडी लागण्यापूर्वीच, कलकत्त्यात, हे शरीर कुरकुरू लागले होते. ज्या समाजाने मुलीचे शरीर हे प्रथम सासरचे, मग नवऱ्याचे, मग मुलाचे आणि सर्वांत शेवटी तिचे स्वतःचे मानले, त्या समाजाचाही या मृत्यूत वाटा आहे. म्हणूनच मला बलिदान हा शब्द खटकतो. बळी देणारा हात त्या शब्दाआड लपून राहतो.

आनंदीबाईंनी जे शिकायला घर सोडले, म्हणजे घरातल्या बाईच्या शरीराकडे कुणीतरी वेळेवर आणि शास्त्राने लक्ष द्यावे, त्याच गोष्टीअभावी त्या गेल्या. त्या हरल्या असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्या मागोमाग रखमाबाई लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या, व सुरत-राजकोटला त्यांनी अनेक वर्षे बायकांवर उपचार केले. वाट पडली होती.

आपल्यापुरते बोलायचे तर गोष्टी साध्या आहेत. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या दाटीत, चाळीच्या एका खोलीत आणि गाडीच्या एका डब्यात आपण एकमेकांचा श्वास घेत जगतो. जंतू टाळणे आपल्या हाती फारसे नाही. दोन आठवड्यांवर खोकला लांबला तर थुंकी तपासून घेणे हाती आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे दोन्ही फुकट मिळतात. गोळ्या बरे वाटल्यावर मध्येच न सोडणे हाती आहे. स्थळाच्या भीतीने मुलीचा खोकला न लपवणे हाती आहे. आणि आज रात्री घरी गेल्यावर आईच्या ताटात काय आहे ते पाहणेही हाती आहे.

कोल्हापूरच्या त्या स्त्री-विभागात डॉ. आनंदीबाई रुजू झाल्या असत्या, तर पहिल्या काही दिवसांतच एखादी चौदा-पंधरा वर्षांची खंगलेली सून पदराने तोंड झाकून त्यांच्यासमोर येऊन बसली असती. संध्याकाळी ताप येतो, जेवण जात नाही, दम लागतो, असे तिने चाचरत सांगितले असते. त्या मुलीला काय झाले आहे हे कळायला आनंदीबाईंना पुस्तक उघडावे लागले नसते. अशा मुली आजही दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या असतात. त्यांना ओळखणारी डॉक्टरही आज आहे आणि औषधही आहे. त्यांना त्या बाकापर्यंत वेळेवर पोचवणे एवढेच काम आपल्यासाठी उरले आहे.